लिथियम बॅटरी घेताय? आधी इन्व्हर्टर तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वळीव सुरू झाला की खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात झाडे तारांवर पडतात आणि गेलेली लाईट लवकर येत नाही. म्हणून ट्युब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाची बॅटरी काढून लिथियम बसवायचा विचार अनेक घरांत चालू आहे. विचार चांगला आहे. पण जुन्या इन्व्हर्टरची तपासणी न करता त्यालाच नवी बॅटरी जोडून देणे थांबायला हवे.

घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारच घ्यावा. त्याचा एक सेल ३.२ व्होल्टचा, चार सेलची बॅटरी १२.८ व्होल्टची आणि चार्जिंगची वरची हद्द १४.६ व्होल्ट. ट्युब्युलरसाठी सेट केलेले काही इन्व्हर्टर इक्वलायझेशनच्या, म्हणजे सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम जादा चार्ज करण्याच्या वेळी १५ व्होल्टच्या वर जातात. मग बॅटरीतले बीएमएस, म्हणजे संरक्षक सर्किट, जोडणी तोडते आणि ग्राहकाला वाटते बॅटरीच खराब निघाली. इन्व्हर्टरवर लिथियम मोड हवा. नसेल तर चार्जिंग १४.२ ते १४.४ व्होल्टवर आणून इक्वलायझेशन बंद करता यायला हवे. दोन्ही जमत नसेल तर इन्व्हर्टरही बदलावा लागेल, हे दुकानदाराने आधीच सांगावे.

किती मोठी बॅटरी हवी? तीन साधे पंखे २२५ वॅट, पाच एलईडी ४५, टीव्ही ८०, राउटर १०. एकूण ३६० वॅट. चार तासांचे १,४४० वॅट-तास. इन्व्हर्टरमधली तूट धरून ०.८५ ने भागा, बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही म्हणून पुन्हा ०.८ ने भागा. उत्तर सुमारे २,१२० वॅट-तास. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे बसवले तर हा आकडा १,३२५ वर येतो, म्हणजे १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची (१,२८० वॅट-तासांची) एक बॅटरी जवळजवळ पुरते. आधी पंखे बदला, मग बॅटरी घ्या. पाण्याचा पंप यात धरू नका; सुरू होताना तो नेहमी चालताना लागणाऱ्या करंटच्या पाच-सहा पट ओढतो.

बॅटरीवर १०० अँपिअर-तास लिहिलेले असले तरी आतले बीएमएस ५० अँपिअरचे असू शकते. अशी बॅटरी सलग ६४० वॅटच देते आणि इन्व्हर्टरमधून बाहेर पडतात साधारण ५४०. मिक्सर लावला की घर अंधारात. खरेदीच्या वेळी हा आकडा कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

१,००० वॅट भाराला १२ व्होल्टच्या बाजूने ९० अँपिअरच्या वर करंट वाहतो. त्यासाठी २५ चौरस मिमी तांब्याची केबल, यंत्राने दाबलेले लग (केबलच्या टोकाला बसवायचे धातूचे जोड) आणि पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ डीसी फ्यूज हवा. घरगुती एसी एमसीबी तिथे चालत नाही. डीसीची ठिणगी ती खात्रीने तोडू शकत नाही. ढिला लग तापतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यावर गंज चढला की आणखीच तापतो.

जुनी ट्युब्युलर आणि नवी लिथियम एकमेकींना समांतर जोडू नयेत. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर भिंतीच्या सॉकेटला लावून घरात करंट सोडणे तर कोणीही करू नये. मेन स्विच चालू राहिला तर तोच करंट उलटा लाईनवर जातो आणि खांबावरच्या लाईनमनच्या जिवावर बेततो. इन्व्हर्टरची न्यूट्रलही मुख्य न्यूट्रलमध्ये मिसळू नये, नाहीतर आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडत राहते.

जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कमजोर होते. पावसाळ्याआधी ते मोजून घ्यावे, मगच आकाशातल्या विजेपासून बचाव करणारे एसपीडी हे उपकरण उपयोगी पडते. बॅटरी स्वयंपाकघरात किंवा बाहेर पडायच्या वाटेवर ठेवू नये.

दुकानदारांना विनंती आहे की सेलचा प्रकार, बीएमएसची अँपिअर क्षमता आणि सेट केलेला चार्जिंग व्होल्टेज या तीन गोष्टी बिलावर लिहून द्याव्यात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांचे संकलन ही उत्पादकाची जबाबदारी आहे. म्हणून जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानातच जमा करून घ्यावी.

आपला,
एक विद्युत कंत्राटदार, खानापूर