चॅटाहूचीच्या काकांना, चारचौघांत

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

"आभार-बिभार काही नको, आणि नाव तर मुळीच टाकू नकोस," असं तुम्ही बजावलंत. नाव टाकत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. थंडी पडली की इथल्या, अटलांटाजवळच्या कमिंग, सुवानी, जॉन्स क्रीक भागातलं कुणी ना कुणी मराठी माणूस मला गाठतंच, "चॅटाहूची नदीत, ब्युफर्ड धरणाखाली, ट्राउट मासा मिळतो म्हणे, कसा धरायचा ते सांग ना." त्यांना मी जे सांगते ते सगळं तुमचं असतं आणि खपतं माझ्या नावावर. एकदा हिशेब चुकता केलेला बरा.

गणपतीच्या जेवणाच्या रांगेत तुम्ही विचारलंत, "गाव कुठलं?" मी म्हटलं, कराड. तुम्ही ताटातली कोशिंबीर सावरत म्हणालात, "मी पाटणचा. म्हणजे आमचं पाणी खाली तुमच्याकडे जातं." एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, आलेली, नोकरीची परवानगी नसलेली, दिवसभर घरात बसून कंटाळलेली मी; आणि निवृत्तीनंतर हिवाळाभर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणारे तुम्ही. "नदीवर येणार का?" असं त्या आधी मला इथे कुणीही विचारलं नव्हतं. मॉलला, देवळात, मुलांच्या वाढदिवसाला बोलावणारे पुष्कळ होते.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी हातात मासे धरायची काठी मिळेल. तुम्ही नेलंत थेट धरणाच्या पायथ्याशी, लोअर पूल पार्कला. काठी गाडीतच राहिली. समोर वीजगृह, मागे मातीचा बांध आणि त्यामागे लेक लनीर. १९५६ मध्ये पाणी अडवलं, पुढच्या वर्षी वीज सुरू झाली, अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं बांधकाम. हे सगळं तुम्ही पाटणच्या मास्तरांच्या थाटात सांगितलंत. त्यापूर्वी ही नदी इथे कोमट होती, तिच्यात ट्राउटचं नाव नव्हतं. आपल्या जॉर्जिया राज्याचा मूळचा ट्राउट म्हणजे ब्रूक जातीचा, तो वर डोंगरातल्या ओढ्यांत. इथे रेनबो जातीचा आला तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडून, ब्राउन युरोपातून, आणि दोघांनाही राहता आलं ते केवळ टर्बाइन तलावाच्या तळाचं गार पाणी ओढतात म्हणून. अटलांटाच्या ऑगस्टमध्येही त्या पाण्यात पाय बधिर होतात. "हा मासा देवाचा नाही, पाटबंधारे खात्याचा आहे," हे तुमचं वाक्य मी सगळ्यांना ऐकवते.

मग तुम्ही आकडे काढलेत. छोटं टर्बाइन चालू असतं तेव्हा नदीत साधारण ६०० क्युसेक, मोठी सुरू झाली की काही हजार. इथेच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 'कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा' हे वाचतच तर मी लहानाची मोठी झाले! एकक तेच, पाणी सोडताना वाजणारा भोंगाही तसाच. प्रीतिसंगमावर पाणी चढलं की आजी आम्हाला घाटावरून हाकलायची. फरक इतकाच की तिकडे दरवाजे पावसाळ्यात उघडतात आणि इथे पाणी सुटतं ते विजेच्या मागणीप्रमाणे. हिवाळ्यात कडाका पडला की सकाळी लाखो घरांतले हीटर एकदम धडधडायला लागतात, आणि नेमकी तीच मासे धरायला निघायची वेळ. म्हणून तुमचा क्रम ठरलेला: आदल्या रात्री विसर्गाचं वेळापत्रक, सकाळी निघताना पुन्हा फोनवरची रेकॉर्ड केलेली सूचना, आणि नदीवर पोचल्यावर दोन्हींवर विश्वास न ठेवता पाण्यावर डोळा. कारण मागणी वाढली तर वेळापत्रक न सांगता बदलतं.

भोंगा धरणाजवळच ऐकू येतो. खाली सेटल्स ब्रिज, जोन्स ब्रिजकडे तो पोचत नाही, पाणी मात्र पोचतं, काही तास उशिरा. म्हणजे धरणाने सकाळी सोडलेलं पाणी दुपारी, आपण निवांत असताना, मागून येतं. त्यासाठी तुमचा दगड: नदीत उतरण्याआधी काठालगतचा अर्धा बुडालेला एक दगड हेरायचा आणि दर थोड्या वेळाने मान वळवून बघायचा. दगड दिसेनासा व्हायला लागला, पाण्यावरून पालापाचोळा नि काटक्या वाहत यायला लागल्या, नदीचा आवाज बदलला, की गळाला मासा असला तरी निघायचं. धरणापासून हायवे २० च्या पुलापर्यंत अंगात लाइफ जॅकेट हवंच, हा इथला कायदा. पुलाच्या खालीही तुम्ही ते माझ्या अंगावरून उतरू दिलं नाहीत. वेडरचा, म्हणजे पाण्यात उतरताना घालायच्या त्या जलरोधक विजारीचा, कमरपट्टा तुम्ही स्वतः ओढून बघायचात; सैल राहिला आणि माणूस पडला तर वेडरमध्ये पाणी भरतं. दहा अंशांच्या पाण्यात हातपाय किती लवकर ऐकेनासे होतात, हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. कारण मी कधी विचारलं नाही.

काठावरून परतीचे दिवसही तुम्हीच शिकवलेत. गाडी लावायची, पाणी बघायचं, चहा प्यायचा आणि घरी यायचं. सुरुवातीला मला हे फार खुपायचं. एवढ्या थंडीत चार थर कपडे चढवून आलो ते यासाठी? आता वाटतं, इतर कुणाहीबरोबर शिकले असते तर माशी, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, कुठली बांधायची हे आधी कळलं असतं आणि परत फिरायचं कधी हे बहुधा कळलंच नसतं. मासा नंतर, आधी धरण. तुमच्याकडून घेतलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच, आणि हे पत्र खरं तर तिच्यासाठीच आहे.

तलाव उलटण्याचं प्रकरण तर मी अजूनही लोकांना सांगताना रंगते. उन्हाळाभर तलावात कोमट पाणी वर, गार पाणी तळाशी, दोघांची भेट नाही. तळाला वर्षभराचा पाला कुजतो, तिथला प्राणवायू संपत जातो, आणि गाळातलं लोह नि मँगनीज पाण्यात उतरतं. शरदाच्या अखेरीस टर्बाइन ओढतात ते हेच पाणी. नोव्हेंबर-डिसेंबरात धरणाखालची नदी गढूळ, गंजल्यासारखी दिसते आणि मासे मरगळलेले असतात. नवशिके म्हणतात, माशी चुकली, डबा बदला. तुम्ही म्हणायचात, "माशीला कशाला दोष देतेस? त्याला श्वास घेता येईना, तो खाणार काय!" मग थंडीने वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली बसतं, सगळा तलाव एकदा ढवळून निघतो, आणि जानेवारीत नदी पुन्हा नितळ होते. तोवर आपण खाली जायचो, जिथे खडकांवर आपटून पाण्यात हवा मिसळलेली असते. किंवा अगदी खाली, मॉर्गन फॉल्स धरणाच्याही पुढे, सोप क्रीकपासून हायवे ४१ च्या पुलापर्यंत. तिथे १ नोव्हेंबर ते १४ मे या काळात एकाच गळाची कृत्रिम आमिषं चालतात आणि धरलेला मासा सोडावाच लागतो. नियम विचित्र वाटायचा. तुम्ही उकल केलीत: तितक्या खाली उन्हाळ्यात पाणी तापतं, ट्राउट तसाही तगणार नाही, म्हणून हिवाळाभर सगळ्यांनी खेळा, मे महिन्याच्या मध्यानंतर घरी न्या. सरकारी नियमात इतका व्यवहार क्वचितच सापडतो.

नोव्हेंबर-डिसेंबरातच ब्राउन अंडी घालतात. नदीच्या तळाशी गोट्यांचा एखादा पट्टा आसपासच्यापेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसला की तिथे पाऊल टाकायचं नाही, तुम्ही काठीचं टोक पाण्यात बुडवून दाखवलं होतंत. ब्राउन आता इथेच जन्मतात नि वाढतात. जॉर्जियाचा विक्रमी ब्राउनही, सुमारे साडेनऊ किलोचा, २०१४ मध्ये याच नदीत मिळाला. तुम्हाला तो धरणारा माणूस भेटलेला नाही, तरी त्या माशाबद्दल तुम्ही घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलता.

आता माशी. मराठीत 'माशीने मासा धरते' म्हटलं की लोकांना वाटतं मी घरातल्या माश्या मारून नेते. तुमच्या डब्यातली झीब्रा मिज पहिल्यांदा बघितली तेव्हा मीही हसले होते: बावीस नंबरचा गळ, त्यावर काळा दोरा, चंदेरी तारेचे वेढे आणि राजगिऱ्याच्या दाण्याएवढा मणी. एवढ्याशाला हातभर मासा कशाला येईल? पण हिवाळ्यात नदीत तेवढंच तर असतं. डोंगरातले ओढे गोठायला आलेले असताना धरणाखालचं पाणी त्यामानाने उबदार राहतं, आणि त्यात मिज नावाचे चिलटासारखे कीटक थंडीभर निघत राहतात. काही माश्यांवर तुम्ही मोरपिसाचे धागे गुंडाळता. पुढच्या खेपेला कराडहून पिसं आणते म्हटलं तर डोळे वटारलेत: "भारतातून मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे. इथल्या दुकानातून घे." तुम्ही कायद्याचे इतके पक्के की काकू तुम्हाला घरी 'फौजदार' म्हणतात, हे लिहिलं तर चालेल ना?

दहाच्या आधी नदीत उतरायचं नाही, तीनच्या पुढे रेंगाळायचं नाही. काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरला की टोक पाण्यात बुडवून काढायचं, बोटांनी ओरबाडायचं नाही. मासा जोराच्या धारेत नसतो, संथ खोल भागात तळाला चिकटून असतो, कारण थंडीत त्याला उगाच ताकद घालवायची नसते. माशी प्रवाहाच्याच वेगाने, ओढ न लागता वाहायला हवी. दोरी ताणली की तो समजून चुकतो. म्हणून दोरी सारखी उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकत राहायची. आणि हिवाळ्यातला मासा झटका देत नाही. दोरीवरचा इंडिकेटर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, नुसता अडखळतो. "थांबला की उचल. विचार करायचा नाही." हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की मी स्वयंपाक करतानाही ऐकते.

एक गोष्ट मात्र खास तुमचीच. मी झगडत असताना तुम्ही कधीही माझ्या हातातून काठी घेतली नाहीत. दोरी झाडात अडकली, गाठ सुटली, समोर मासा उसळतोय आणि मला माशी दोऱ्यात ओवता येत नाहीये, तरी तुम्ही आपले खिशात हात घालून उभे. बाईमाणसाला काही शिकवायचं म्हणजे चटकन हातातून घेऊन करून दाखवायचं, ही आपल्याकडची रीत. गाडी शिकताना, लॅपटॉप बिघडल्यावर, सगळीकडे मी ती सोसलेली. तुम्ही ती पाळली नाहीत, याचे आभार वेगळे.

काकूंचेही मानायला हवेत, जरी त्यांना हा सगळा प्रकार अमान्य असला तरी. मालवणच्या घरात जन्मलेल्या बाईला मासा धरून परत सोडणं म्हणजे अन्नाचा अपमान वाटतो. "आणि तसाही त्या ट्राउटला बांगड्यापुढे काय चव?" म्हणत त्यांनी डुलूथच्या कोरियन दुकानातून आणलेले बांगडे तळून आपल्याला किती वेळा वाढले. मला त्यांचं म्हणणं अर्धं पटतं. ओले हात, काटा नसलेला गळ, कडाक्यात मासा पाण्याबाहेर काढायचा नाही कारण कल्ले गोठू शकतात, फोटो नाही. हे सगळं पाळूनही आपण आपल्या आनंदासाठी एका जिवाला त्रास देतो हे खरंच आहे. मी ते तुम्हाला म्हटलं तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. "हो, देतो," म्हणालात आणि पुढची माशी बांधायला घेतलीत. मला ते उत्तर पुरलं असं नाही, पण दुसरं कुठलं दिलं असतंत तर मी तुमच्यावर कमी विश्वास ठेवला असता.

यंदा तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी गोट्यांवर चालायला मनाई केलीय, हे काकूंकडून कळलं. घरात बसून तुम्ही त्यांना वेळापत्रक वाचून दाखवताय, हेही कळलं. तर जानेवारीत, तलावाचं पाणी निवळलं की, एक दिवस मोकळा ठेवा. घडीची खुर्ची आणि थर्मास माझ्याकडे आहे. सुवानीतल्या दोघी मैत्रिणी पहिल्यांदाच नदीत उतरणार आहेत. त्यांच्या काठ्या मी सांभाळते, तुम्ही काठावर बसून तेवढा दगड बघा.

तुमची,
कराडची पोरगी