गोवामुक्तीची गोष्ट १९ डिसेंबरला संपत नाही

महोदय,

गोवा मुक्तिदिनाची आपली पुरवणी वाचली. नौदल, विमानं, छत्तीस तासांत शरणागती, सगळं आलं. सांगलीचे मोहन रानडे मात्र कुठंच नाहीत. मुंबईच्या पेपरनं विसरावं एकवेळ, पण सांगली आवृत्तीनं?

रानडे मूळचे मनोहर आपटे, जन्म सांगलीचा. गोव्यात फोंड्याकडच्या सावई-वेऱ्याला मराठीचे मास्तर म्हणून गेले आणि पोर्तुगीजांशी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. पुढं त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात डांबलं.

ते १९५५ साल कसं होतं, हे मी मिरजेत गार्ड म्हणून लागलो तेव्हा जुन्या रेल्वेवाल्यांकडून ऐकलंय. मीटरगेजचा जमाना. गोव्याच्या गाडीला कॅसलरॉकला आपलं कस्टम, घाट उतरला की कुळ्याला पोर्तुगीजांचं. दोन्हीकडं ट्रंका उघडून दाखवायच्या. त्या वर्षी १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसहून जास्त माणसं गेली. मग दिल्लीनं सत्याग्रहच थांबवला आणि नाकेबंदी आवळली. गाडीही बंद. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार नमला का? बटाटे हॉलंडहून आले, सिमेंट जपानहून, तांदूळ पाकिस्तानातून. खाणीतलं लोखंड बोटींनी बाहेर जातच राहिलं. पिचला तो मुंबईच्या मनिऑर्डरीवर घर चालवणारा साधा गोवेकर. बलाढ्य शेजारी त्या वेळी आपण होतो, तेव्हा हेही आपणच लिहायला हवं.

पण माझं खरं दुखणं पुढचं आहे. डिसेंबर १९६१ मध्ये तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक आपल्या हाती लागले. १९६२ च्या मेपर्यंत ते मायदेशी पोचलेसुद्धा. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये! पोर्तुगालच्याच तुरुंगात असलेले गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक तेलो मास्कारेन्हस तर त्याच्याही पुढच्या वर्षी. एवढे युद्धकैदी ताब्यात असताना आपली माणसं मागून घेता येऊ नयेत? दोन देशांत संबंध नव्हते वगैरे ठाऊक आहे, तरी पटत नाही. सुधीर फडके आणि इतरांनी रानड्यांच्या सुटकेसाठी धडपड केली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपकडं शब्द टाकला. सांगलीच्या कैद्याची आठवण मद्रासच्या माणसानं ठेवली, आणि आपल्या चार पानांत त्याला दोन ओळी मिळू नयेत याचं वाईट वाटतं.

रानडे २०१९ मध्ये पुण्यात वारले. सावई-वेऱ्याला त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं आता ऐंशीच्या घरात किंवा त्याच्याही पुढं असतील. पुढच्या डिसेंबरची वाट न बघता आपला वार्ताहर तिकडं पाठवा. मिरजेहून वास्कोची गाडी आहे, तिकीट मी काढून देतो.

– एक निवृत्त रेल्वे गार्ड, मिरज