नवा कोड दिसला की आधी मागचा आकडा वाच

चि. कृष्णा यास अनेक आशीर्वाद.

पोकलेनच्या स्क्रीनवर आलेला बिघाडाचा कोड तुझ्याजवळच्या पुस्तकात नाही आणि मालक सेन्सर मागवायला निघालाय, एवढंच फोनवर कळलं. गेवराईकडून आवाज नीट येत नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय. सेन्सर एवढ्यात मागवू देऊ नकोस. कोड आपल्याला कोणतं मोजमाप बिनसलं ते सांगतो. कोणता पार्ट बदलायचा ते तो सांगत नाही, ते मीटर लावून आपणच शोधायचं असतं.

कोडात दोन आकडे असतात. पुढचा एसपीएन, म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे. मागचा एफएमआय, म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची आहे. एसपीएन हजारोंनी आहेत, ते पाठ करत बसू नकोस. १०० ऑइल प्रेशर, ११० कूलंटचं तापमान, ९४ डिझेलचं प्रेशर, १५७ रेल प्रेशर (इंजेक्टरांच्या सामाईक नळीतलं डिझेलचं प्रेशर), १६८ बॅटरी, एवढे लक्षात राहिले तरी पुष्कळ. एफएमआय मात्र ० ते ३१ एवढेच आहेत आणि जे-१९३९ (मशिनवरचे कॉम्प्युटर आपसात बोलतात त्याची ठरलेली पद्धत) वापरणाऱ्या सगळ्या इंजिनांत त्यांचा अर्थ तोच राहतो. कॅटरपिलरच्या मशिनवर एसपीएनच्या जागी सीआयडी, म्हणजे त्या कंपनीचा स्वतःचा आकडा, दिसेल, तरी मागचा एफएमआय तसाच वाचायचा. कोमात्सुसारख्या कंपन्यांचे स्वतःचे कोड असतात, त्यांना त्या मॉडेलचंच पुस्तक लागतं.

३, ४, ५, ६ आले तर भांडण विजेचं आहे: ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त. ०, १ आणि १५ ते १८ आले तर सेन्सर बहुतेक खरं बोलतोय, मोजमापच मर्यादेबाहेर गेलंय. २ म्हणजे सिग्नल विस्कळीत, तिथे आधी वायर हलवून बघ. हा एवढा फरक ज्याला कळला त्याचं निम्मं काम झालं.

आता तपासणी. ११० वर एफएमआय ३ आलाय असं धर. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर दोन वायरींचा असतो. चावी बंद करून त्याचा कपलर (वायर जोडायचा प्लग) काढ, हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, बाजूच्या दोन्ही पिना एका छोट्या वायरीने जोड आणि चावी परत चालू कर. कोड बदलून ४ झाला, तर वायरिंग आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही चांगले, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांच्या पकडीत. ३ तसाच राहिला, तर वायर कुठेतरी तुटलीय. सुरुवातीलाच ४ असेल तर उलटं कर: नुसता कपलर काढ. ३ झाला तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. ४ च राहिला तर सिग्नलची वायर बॉडीला घासलीय. ही युक्ती दोन वायरींच्या सेन्सरपुरतीच. प्रेशर सेन्सरला तीन वायरी असतात, त्यात एकीवर ५ व्होल्ट येतात. तिथे अशी जोडणी करशील तर सप्लायच शॉर्ट करशील.

ते ५ व्होल्ट पुष्कळदा तीन-चार सेन्सरांना मिळून एकाच वाटेने जातात. म्हणून एकदम तीन-चार कोड आले की तेवढे सेन्सर बिघडले असं समजू नकोस. त्या सप्लायवर मीटर लाव. ५ ऐवजी १-२ व्होल्टच असतील तर त्या वाटेवरचे सेन्सर एकेक करून काढ. जो काढल्यावर ५ परत येतील तोच दोषी. एकही नसेल तर हार्नेस बघ. ज्वारीच्या कडब्याजवळ मशिन उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात, आणि इंजिनच्या मागच्या बाजूला क्लॅम्प सुटलेला हार्नेस कंपनाने घासतो. मीटरची पिन कपलरच्या पुढून कधी खुपसू नकोस, मागून घाल. पुढून घातली की पकड सैल होते आणि पुढच्या आठवड्यात तुझ्याच हाताने तयार झालेला कोड येतो.

एसपीएन ६३९, किंवा एफएमआय ९ वा १९, हे मशिनवरच्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या संपर्काचे कोड. डायग्नोस्टिकचा नऊ पिनांचा गोल कपलर असेल तर बॅटरीचा कटऑफ बंद कर, थोडा वेळ थांब आणि सी व डी पिनांमध्ये ओहम मोज. ६० आले तर बसची, म्हणजे त्या संपर्काची, वायर ठीक. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर तुटलीय. ४० च्या आसपास आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर लावून ठेवलाय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. चावी चालू करून ए पिन निगेटिव्ह धर आणि सी, डी दोन्हींवर व्होल्टेज बघ, २.५ च्या जवळपास, सी थोडं वर आणि डी थोडं खाली असायला हवं.

या सगळ्याच्या आधी बॅटरी. २४ व्होल्टच्या मशिनवर थांबलेली बॅटरी २५ च्या वर आणि इंजिन चालू असताना साधारण २८ च्या आसपास. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चासीपर्यंतचा व्होल्टेज ड्रॉप स्टार्टर फिरत असताना मोज; अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगचा बोल्ट खोलून, खरवडून, घट्ट कर. काळ्या मातीचा चिखल वाळून तिथे थर बसतो. अर्थिंग खराब असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले कोड येतात आणि माणूस उगाच भरकटतो.

९४ वर १ किंवा १८ आला तर आधी फिल्टर, मग टाकीपासून पंपापर्यंतचे होज आणि वॉशर, कारण तिथून हवा ओढली जाते. साइटवर डिझेल कॅनमधून येतं, तेव्हा सेपरेटरमध्ये डिझेलपासून वेगळं झालेलं पाणी रोज काढ. वैशाखात ११० वर ० आला की रेडिएटर बघ. क्रशरची भुकटी तेलकट जाळीत अशी बसते की वरवर फुंकून निघत नाही, आतून बाहेर हवा मारावी लागते.

१०० वर १ आला तर मात्र इंजिन त्याच क्षणी बंद कर. या कोडाला सेन्सरचा दोष म्हणून कुणी टाळलं, तर ऐकू नकोस. तेलाची पातळी बघ, मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर मोज, मगच पुढे. मालक काम थांबलं म्हणून चिडेल, चिडू दे. क्रँकचा खर्च त्याच्याच अंगावर येतो.

मशिनवर वेल्डिंग असेल तर दोन्ही बॅटरी टर्मिनल आणि ईसीएमचे कपलर काढल्याशिवाय हात लावू देऊ नकोस, आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेजवळच लावायला सांग.

कोड पुसण्याआधी सगळं वहीत उतरव: दोन्ही आकडे, तो सध्या चालू आहे की फक्त नोंदीत, किती वेळा आला, कोणत्या मॉड्यूलचा (मशिनवरच्या कोणत्या कॉम्प्युटरचा), त्या वेळी तासमापक किती होता, भार होता की रिकामी. मगच पुस आणि मशिन गरम करून भारावर चालव. मला फोन करशील तेव्हा ही वही हातात ठेव, म्हणजे एका फोनमध्ये काम होईल.

दुपारी उन्हात बोनेटखाली वाकून राहू नकोस, पाणी पीत जा.

तुझे
अण्णा