पावसाळी गटार एप्रिलमध्ये का वाहते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नालेसफाई किती टक्के झाली, किती गाळ निघाला, याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि त्यावर वाचकांची पत्रेही छापून येतात. माझे म्हणणे त्याच्या थोडे आधीचे आहे. ज्या गटारात फक्त पावसाचे पाणी यायला हवे, ते एप्रिलमध्ये ओले कसे?

मी १९८७ पासून वाशीत राहतो. वाशी स्टेशन व्हायच्या आधीपासून. तीसेक वर्षे रंगकामाची ठेकेदारी केली, आता काम मुलगा बघतो. हे सांगायचे कारण असे की गटाराबद्दल मी जे लिहितो आहे त्यात माझाही वाटा आहे. पहिली सात-आठ वर्षे आमच्या प्रत्येक कामावर संध्याकाळी एकच रीत होती. ब्रश, रोलर, डिस्टेंपरची बादली, पुट्टीचे घमेले, सगळे घेऊन पोरे सोसायटीच्या फाटकाजवळच्या जाळीवर बसायची आणि नळी सोडून धुऊन टाकायची. उरलेले टर्पेंटाइनही तिथेच. वाटायचे, गटारच आहे, घाण टाकायचीच जागा. एकदा नेरूळला एका निवृत्त इंजिनिअर गृहस्थांकडे काम चालू होते. ते खाली आले, पांढऱ्या पाण्याकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘‘अहो, हे मोरीचे गटार नाही, पावसाचे आहे. इथे टाकलेले सरळ खाडीत जाते.’’ ते रागावले नव्हते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तोवर किती इमारती रंगवून झाल्या होत्या ते मी मनात मोजत होतो.

बहुतेक लोकांना हे आजही ठाऊक नाही, म्हणून सांगतो. नवी मुंबई वसवताना सिडकोने दोन वाटा वेगळ्या ठेवल्या. मोरी-संडासाचे पाणी मलवाहिनीतून मलप्रक्रिया केंद्रात जाते आणि शुद्ध होऊन बाहेर पडते. रस्त्याकडेच्या जाळीतून उतरणारे पाणी मात्र कुठेच शुद्ध होत नाही. ते नाल्यातून होल्डिंग पॉन्डमध्ये जाते आणि तिथून खाडीत. आपल्या शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून डच पद्धतीने हे तलाव बांधले. भरतीला झडपा मिटतात आणि खाडीचे पाणी आत येत नाही. तेवढा वेळ शहरात पडलेला पाऊस तलावात थांबतो. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी निघून जाते. तलावात गाळ भरला तर थांबायला जागा उरत नाही आणि उधाणाच्या दिवशी तेच पाणी गटारातून उलटे रस्त्यावर येते. म्हणजे गटारात काय जाते हा प्रश्न फक्त खाडीतल्या माशांचा नाही, तळमजल्यावर राहणाऱ्यांचाही आहे.

आता याच एप्रिलमधली गोष्ट. सकाळी सहाला वाशीतल्या खाडीकाठच्या मिनी सी-शोरकडे फिरायला निघालो होतो. कोपऱ्यावरच्या जाळीखाली पाण्याचा आवाज आला. पाऊस नाही, कुठे पाइप फुटलेला नाही. वाकून पाहिले तर ताकासारखे पांढरट पाणी. बोट बुडवून अंगठ्यावर चोळले. पुट्टी असती तर चिकट लागली असती, चुना असता तर खरखरीत. हे बारीक पिठासारखे होते आणि वाळल्यावर बोटावर करडा थर राहिला. सिमेंटच. चेंबरची झाकणे मोजत वरच्या अंगाला गेलो. सहाव्या झाकणाशी पुनर्विकासाचे काम चालू असलेल्या एका भूखंडाच्या पत्र्याखालून निळा होस पाइप बाहेर आला होता आणि त्याचे तोंड जाळीत खुपसले होते. तळघराच्या खड्ड्यातले पाणी उपसून सोडत होते. काँक्रीटची गाडी धुतलेले पाणीही त्यातच. वॉचमन म्हणाला, ‘‘पाणीच आहे, काका.’’

मग खालच्या अंगाला, गटार तलावात उघडते तिथपर्यंत गेलो. ओहोटी होती. काळ्या चिखलावर पंख्यासारखा पसरलेला पांढरा पट्टा होता. त्याच्या दोन्ही कडांना निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या, पट्ट्यावर एकही नव्हती. मी बराच वेळ उभा राहिलो. माझ्याच रोलरचे पाणी तीस वर्षांपूर्वी इथे येऊन असेच पसरले असणार.

मोबाइलवर फोटो काढून तक्रार केली. एका कार्यालयाने सांगितले की बांधकाम आमच्याकडे नाही. दुसरीकडून कळले की गटार आमच्याकडे नाही. चार दिवसांनी पाइप दिसेनासा झाला, तेव्हा बरे वाटले. पण नंतर सकाळी जाळीखाली हात घातला की ओल लागते, म्हणजे काम रात्री चालते. सिमेंटचा गाळ मातीसारखा फावड्याने निघत नाही हेही सांगायला हवे. तो गटाराच्या तळाला बसतो, घट्ट होतो आणि मग फोडावा लागतो. मे महिन्यात गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला विचारा.

नियम नाहीत असे कुणी म्हणू नये. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ चा आहे आणि त्याच्या कलम २४ प्रमाणे दूषित पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत, मलवाहिनीत किंवा जमिनीवर सोडायला बंदी आहे. बांधकामाचा राडारोडा स्वतःच्या आवारात ठेवायचा आणि त्याने गटार तुंबू द्यायचे नाही, हे २०१६ च्या नियमांत लिहिले होते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केले आणि २०२२ मध्ये ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. कांदळवन तोडणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. तो निकाल योग्यच आहे. पण त्यामुळेच आपल्याला जास्त जपून वागायला हवे, कारण तलावात गाळ साठला की त्यावर कांदळवन उगवते आणि मग गाळ काढायला यंत्र उतरवण्याआधी परवानग्यांची वाट बघावी लागते. गाळ आत येऊच न देणे हाच त्यातला सोपा मार्ग आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पाण्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी बोललेच पाहिजे. मला बोलायचे आहे ते आपल्या फाटकाजवळच्या जाळीबद्दल. तिथे गॅरेजचे ऑइल जाते, हॉटेलच्या मागे घासलेल्या भांड्यांचे तूप-तेल जाते, रोज धुतलेल्या गाड्यांचा साबण जातो आणि अजूनही रंगाऱ्यांचे ब्रश धुतले जातात. रंगाऱ्यांपुरते मी खात्रीने सांगतो, दुसरी रीत अवघड नाही. कामावर दोन पिंपे ठेवायची. पाण्याच्या रंगाचे ब्रश आधी पहिल्यात, मग दुसऱ्यात धुवायचे. रात्रभरात गाळ खाली बसतो. वरचे निवळ पाणी मोरीत ओतायचे, म्हणजे ते मलवाहिनीत जाते. खालचा गाळ गोणपाटावर वाळवला की पापुद्रा निघतो, तो कचऱ्याच्या गाडीत. टर्पेंटाइन झाकून ठेवले तर चार दिवसांनी वरचे पुन्हा वापरता येते, उलट पैसे वाचतात. नेरूळच्या त्या कामानंतर आम्ही हेच करत आलो. संध्याकाळची पंधरा मिनिटे जास्त लागतात, एवढेच. आमच्या सोसायटीने घरकामाला परवानगी देण्याच्या पत्रात यंदा एक ओळ घातली आहे की ठेकेदाराने पावसाळी जाळीत काहीही धुवायचे नाही. इतर सोसायट्यांनी ती जशीच्या तशी उचलावी.

मे २०२० मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपल्यापासून साडेपाच वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे प्रशासक होते. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले आणि आता प्रत्येक प्रभागाला आपली माणसे आहेत. त्यांना माझी मनापासून विनंती आहे की नालेसफाईच्या ठेक्यावर महासभेत जेवढी चर्चा होते, तेवढी या विषयावर एकदा व्हावी. मागणी एकच आहे. फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत, ओहोटीच्या वेळी, गटारे तलावात आणि खाडीत जिथे जिथे उघडतात तिथे पायी जाऊन पाहणी करावी. या दिवसांत तिथे पाणी वाहत असेल तर ते पावसाचे नाही हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. झाकणे उघडत वर गेले की पाइप सापडतो, मला एकट्याला अर्ध्या तासात सापडला. कुठे वाहते, कुणी सोडले, काय कारवाई झाली, हे महासभेपुढे यावे आणि नागरिकांना वाचायला मिळावे. तळघराचे पाणी उपसायची परवानगी देताना आधी ते गाळ बसायच्या टाकीत सोडण्याची अट घालावी आणि तक्रार कुणाकडे करायची ते एकच कार्यालय ठरवून द्यावे. जाळ्यांशेजारी दोन शब्द रंगवावेत, ‘खाडीत जाते’. त्याचे रंगकाम मी आणि माझा मुलगा आमच्या सेक्टरपुरते विनामूल्य करू.

२०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आली तेव्हा आम्ही सोसायटीत पेढे वाटले होते. या शहरावर माझे प्रेम आहे. वाशीगावातून अजूनही होड्या खाडीत जातात आणि त्या पाण्यात आपण काय सोडतो याची मला लाज वाटते, म्हणून हे लिहिले.

आमच्या प्रभागातल्या नगरसेवकांनी आणि अधिकाऱ्यांनी पावसाळ्याआधी एक सकाळ द्यावी. ओहोटीची वेळ बघून ठरवू. मिनी सी-शोरपासून त्या सहाव्या झाकणापर्यंत मी बरोबर चालेन.

आपला,
एक वाचक, निवृत्त रंगकाम ठेकेदार
वाशी, नवी मुंबई