स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर जोडण्यांचा तपशील छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात गावी आईसाठी 32 इंची टीव्ही घेतला. खोक्यावर पडद्याचे मोठे छायाचित्र, ॲपची चिन्हे आणि ‘एचडी रेडी’ ही ठळक अक्षरे होती. टीव्हीच्या मागे कोणत्या जोडण्या आहेत, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. आईकडे डीडी फ्री डिशचा जुना सेट-टॉप बॉक्स आहे आणि त्यातून चित्र व आवाज बाहेर येतो तो पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांच्या केबलनेच. नव्या टीव्हीला या तीन पिनांची जागाच नव्हती. तिच्याऐवजी हेडफोनला असते तसे एकच बारीक छिद्र होते आणि त्यात बसणारी जोडकेबल खोक्यात दिलेली नव्हती. तालुक्याच्या बाजारातून आणलेली केबल छिद्रात नीट बसली, पण चित्र आले नाही, नुसती घरघर ऐकू येत राहिली. कारण अशा पिनेवरच्या चार कड्यांपैकी कोणती चित्राची आणि कोणती आवाजाची, हा क्रम सगळ्या केबलींत सारखा नसतो. योग्य केबल मिळेपर्यंत चार दिवस आईला सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या पाहता आल्या नाहीत. दुकानदाराकडे विचारणा केली, तेव्हा ‘आता सगळे एचडीएमआयच असते’ एवढेच उत्तर मिळाले.

चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणाऱ्या या एचडीएमआय जोडणीचेही तसेच आहे. या किमतीच्या टीव्हीला बहुधा दोनच पोर्ट असतात आणि साउंडबारकडे, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरकडे, आवाज पाठवण्याची ‘एआरसी’ ही सोय त्यांपैकी एकालाच असते. तिथे सेट-टॉप बॉक्स लावला की साउंडबारसाठी दुसरी वाट शोधावी लागते, आणि प्रकाशाच्या केबलने आवाज पाठवणारा ऑप्टिकल पोर्ट नसेल तर तीही अडते. साध्या यूएसबी 2.0 पोर्टमधून प्रमाणानुसार 500 मिलिॲम्पियर एवढीच वीज मिळते, त्यामुळे त्यावर चालवायला घेतलेली, इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारी स्ट्रीमिंग स्टिक वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होते आणि माणसाला वाटते की स्टिकच बिघडली. शिवाय पोर्टची तोंडे बाजूला आहेत की सरळ मागे, हेही महत्त्वाचे आहे. आमच्याकडे टीव्ही भिंतीला लावल्यावर मागच्या पोर्टमध्ये एचडीएमआयची जाड पिन जाण्याइतकी बोटभरही जागा उरली नाही आणि मेकॅनिकला बोलावून स्टँड पुन्हा उतरवावा लागला.

वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 प्रमाणे उत्पादकाचे नाव, पत्ता आणि किरकोळ विक्रीची कमाल किंमत वेष्टनावर छापावी लागते. त्याच बाजूला टीव्हीच्या पाठीमागची साधी रेखाकृती आणि पोर्टचे प्रकार, संख्या व जागा छापायला उत्पादकांना फारसा खर्च येणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. घरात आधीपासून असलेल्या उपकरणाला टीव्ही जोडता येईल की नाही, ही माहिती त्याहून कमी महत्त्वाची कशी? डिशची केबल सेट-टॉप बॉक्सशिवाय थेट टीव्हीला जोडता यावी, यासाठी भारतीय मानक ब्युरोने ‘आयएस 18112:2022’ हे मानक तयार केले आहे. असा उपग्रह ट्यूनर टीव्हीत आहे की नाही, हेही खोक्यावर लिहिलेले असावे, म्हणजे फ्री डिश पाहणाऱ्या घरांना त्याचा खरा उपयोग होईल.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तसा नियम करावा, ही विनंती. तोवर वाचकांनी पैसे भरण्यापूर्वी दुकानात मांडलेला टीव्ही फिरवून त्याच्या मागचा भाग पाहावा, मोबाइलवर त्याचा फोटो काढावा आणि घरातल्या प्रत्येक केबलीच्या टोकाशी तो ताडून पाहावा.

आपला,
एक वाचक, जि. सातारा