जुलैचं पान

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच ठेवला, कारण आई शेजारी येऊन बसली. तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायचं नाही असं आपलं ठरलंय, म्हणून हे पत्र.

कॅलेंडरची पानं कुरिअरने पोचली. छपाई झकास. अप्पाकाकाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यातले ते चौकोनी फोटो, दातेरी कडांचे, एवढे मोठे करूनही फाटलेले नाहीत. मंडईच्या पानावर तर भाजीवालीच्या तराजूतली वांगीसुद्धा मोजता येतात. नोकरी सांभाळून तू हे केलंस आणि सगळा पैसा आईसारख्या डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटांसाठी जाणार, हे मी खालच्या कुलकर्ण्यांना सांगून आलो. त्यांनी विचारलं नव्हतं.

पण जुलैचं पान काढ.

पानशेतच्या पुराशिवाय जुन्या पुण्याचं कॅलेंडर कोण घेईल, असं तू म्हणालीस. बरोबर आहे. पण ते पान बघून आईचं काय झालं ते मी तुला सांगितलं नाही. मी दूध आणायला खाली गेलो, परत येतो तर आई त्या पानासमोर उभी. वर लकडी पुलाचं पाणी, खाली 12 जुलै लाल अक्षरात. बघता बघता ती दिवाणाखालची ट्रंक ओढायला लागली. "धरण फुटलं, आजीला आधी वर न्या." मी म्हटलं, अगं ते 1961 साली, आपण कोथरूडला आहोत, तिसऱ्या मजल्यावर. तर माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्ही वाड्यातले नाही दिसत." शेवटी मी ट्रंक माळ्यावर टाकली, तेव्हा कुठे ती बसली.

डॉक्टर म्हणतात, या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, आधी झिजतो. सकाळचा चहा पुसला जातो, लहानपण बराच काळ टिकतं. म्हणूनच जुने फोटो उपयोगी पडतात. पण टिकतं त्यात भीतीही असते, मुक्ता. नऊ वर्षांच्या पोरीने नारायण पेठेतलं घर वाहून जाताना बघितलं, नंतर गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत संसार नव्याने मांडलेला बघितला. तो फोटो बाकीच्यांसाठी गंमतीचा असेल.

तेच मंडईचं पान पुढे केलं तर तासभर बोलत होती. हुजूरपागा शाळेतून सुटल्यावर आवळे कुठे घ्यायचे, कुमुदला पैसे कसे मागायचे. मला मात्र भानुविलास थिएटरची रांग आठवत राहिली. तिथे आम्ही पहिल्यांदा बोललो, आणि त्या दिवसाचा एकही फोटो कुणी काढला नाही. असो.

रविवारी येशील तेव्हा "हे कोण, ओळख पाहू" करू नकोस. एकावेळी एकच फोटो दे आणि गप्प बस, ती बोलेल. चुकीचं बोलली तर दुरुस्त करू नकोस. तुला कुमुद म्हणाली तर कुमुद हो. आणि रडू आलं तर स्वयंपाकघरात ये, तिथे मी असतो. लेक्चर झालं ना? तू हे सगळं माझ्याआधी वाचलेलं असणार. रागावू नकोस.

पण मी तिला दिवसभर नजरेआड होऊ देत नाही, तरी दूध आणायला जावंच लागतं. ते पान भिंतीवर असलं आणि मी घरात नसलो तर?

पुराचा फोटो टाकायचाच असेल तर वेगळा विका, पोस्टकार्डासारखा, तारखेशिवाय. जुलैत शनिवारवाड्यापुढचे टांगे चालतील. आणि फेब्रुवारीखाली "सुमारे 1958" छापलंय ते चूक आहे. अप्पाकाकाने कॅमेरा घेतला तो पुरानंतर, त्याआधी त्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती.

सोसायटीसाठी दहा प्रती आण. पैसे मी देणार, वाद घालू नकोस. फुकट घेतले तर संस्थेला काय मिळणार?

तुझा,
बाबा