अंगणवाडीच्या ताईंना, चिमणी-कावळ्यासकट आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

आभार मानायचे तर चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय. अंगणवाडी म्हटलं की लोकांना खिचडी आणि वजनकाटा एवढंच आठवतं.

लेक आता पहिलीत आहे. धडा चालू असताना मध्येच विचारते, "पण तो एकटाच का गेला?" तिच्या बाईंनी मला हे कौतुकानं सांगितलं. ही सवय कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे.

चिमणी-कावळ्याची गोष्ट तर सगळ्या पोरांना पाठ. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पण तुम्ही पाऊस आला की थांबायचात आणि विचारायचात, "चिमणीनं दार लगेच का नाही उघडलं?" बाळाला अंघोळ घालतेय, तीट लावतेय, हे तर गोष्टीतच आहे. तेवढ्यावर तुम्ही सोडायचा नाहीत. "खरंच तेवढंच कारण असेल?" एका पोरानं सांगितलं, दार उघडलं तर बाळाला गारठा लागेल. आमची म्हणाली, "तिले राग उना व्हता." घरी आम्ही अहिराणीच बोलतो. "नीट बोल" असं काहीतरी ऐकावं लागेल म्हणून दारात उभी असलेली मीच संकोचले. तुम्ही मात्र दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिलीत, तिचं तिच्याच शब्दांत, आणि खाली बोट फिरवत वाचून दाखवलंत. मग रागाचं कारण शोधायला अख्खा वर्ग लागला. स्वतःचं बोलणं फळ्यावर बघून पोरगी जी फुलली! घरी येऊन आजीला तीच ओळ पाटीवर गिरवून दाखवली. 'राग'मधला 'ग' उलटा होता, पण वाक्य पूर्ण होतं.

गल्लीत कुरकुर झालीच. "बाराखडी कधी घेणार?" तुम्ही 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत रांगेनं गेलाच नाहीत. घ, र, द, म, न अशी थोडी अक्षरं आणि एक काना, की लगेच घर, दार, मन, मान असे शब्द तयार. पोरांना वाचल्याचं समाधान पहिल्याच आठवड्यात. आमची तर एसटीची पाटी बघून 'साक्री' ओळखायची. जोडाक्षर शिकलेली नव्हती, पण रोजची गाडी कोणती ते तिला कळत होतं. तुम्ही म्हणालात, हेही वाचनच, तिला अडवू नका.

आम्हा आयांना तुम्ही जे सांगितलंत ते मी अजून पाळते. चित्राचं पुस्तक हातात घेतलं की आधी मुखपृष्ठावरून अंदाज करायचा. पान पोरीनंच उलटायचं. दर ओळीला "हे कोणतं अक्षर?" विचारून गोष्टीची मजा घालवायची नाही. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचायचं. (हे शेवटचं फार जड जातं. एका हत्तीनं माझा अंत पाहिलाय.) आणि ज्यांना वाचता येत नाही त्या आजीनंही गोष्ट सांगायची, मधे थांबून "पुढे काय झालं असेल?" विचारायचं. सासूबाईंना घरात एकदम मान आला.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं. 1945 साली बोर्डीत त्यांनी काम सुरू केलं, पाड्यावरची मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तुम्ही हे सांगताना हातात पोषण आहाराचं रजिस्टर होतं आणि मोबाईलवर पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप, गोल गोल फिरत होतं. वजनं, उंची, लसीकरणाच्या याद्या, गृहभेटी, आणि हे सगळं मानधनावर. त्यातून गोष्टीला वेळ काढणं म्हणजे काय ते मी बघितलंय. 2021 मध्ये निपुण भारत हे सरकारी अभियान आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे म्हणे. त्यातल्या 'समजून'ची तयारी तुमच्या सतरंजीवर होते, याची नोंद कोणत्या रकान्यात होते ते मला दिसलं नाही. म्हणून इथे करतेय.

येत्या जूनमध्ये धाकटा तुमच्याकडे येतोय. गोष्टीच्या मधेच उठून पळतो, पण कोल्ह्याचा आवाज काढला की बसतो. सासूबाईंनी एक अहिराणी गोष्ट सांगितली आहे, ती मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्याबरोबर पाठवते. चित्रं तेवढी पोरांकडून काढून घ्या.

तुमच्या एका विद्यार्थिनीची आई
साक्री तालुका, जि. धुळे